पाँडिचेरीला जाताय? कालवा ओलांडून पश्चिमेलाही जा

दर्याकाठ

दर मोठ्या सुट्टीच्या आधी इथे पाँडिचेरीबद्दल तेच प्रश्न येतात. कुठला किनारा चांगला, समुद्रात उतरता येतं का, दोन दिवस पुरतात का, आईवडिलांना झेपेल का. उत्तरं दहा धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून एकत्र चर्चेसाठी हा धागा काढते. मी चेन्नईत राहते. महाराष्ट्रातून कुणी आलं की पाँडिचेरी होतेच, त्यामुळे गाव बऱ्यापैकी पायाखालचं आहे.

माहिती देण्याआधी मनातलं सांगते. आपली बहुतेक माणसं तिथे समुद्र आणि कालवा यांच्यामधल्या मोजक्या गल्ल्या पाहून परततात. पिवळ्या भिंती, पांढऱ्या कडा, बोगनवेल, कॅफे, फोटो. तो भाग सुंदर आहेच, मलाही फार आवडतो. पण गाव वसलं ते कापडाच्या व्यापारावर, आणि तो व्यापार चालवणारी माणसं कालव्याच्या पश्चिमेला राहत होती. विणकर, रंगारी, दुभाषी, दलाल, सावकार, सगळे तिकडे. तो अर्धा भाग पाहिल्याशिवाय पाँडिचेरी समजत नाही.

थोडक्यात इतिहास. फ्रेंच कंपनीचे लोक इथे १६७३ मध्ये आले. त्या वेळी हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीच्या नावाने शेरखान लोदी सांभाळत होता, त्याने त्यांना जागा दिली. १६७४ पासून फ्रान्स्वा मार्तां नावाच्या अधिकाऱ्याने वखार उभी केली. १६९३ मध्ये डचांनी गाव जिंकलं आणि १६९९ पर्यंत ठेवलं. आज नकाशात जे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते दिसतात आणि ज्यांचं श्रेय सगळे फ्रेंचांना देतात, त्यांची मूळ आखणी त्या थोड्या वर्षांत डचांनी केली. विणकरांना जातीजातींनुसार वसवायचं होतं, त्यासाठी हे चौकोन पाडले. फ्रेंच परत आले आणि त्यांनी तीच आखणी पुढे नेली.

मग फ्रेंच गव्हर्नर डुप्ले, इंग्रजांशी लढाया, आणि जानेवारी १७६१ मध्ये शरणागती. इंग्रजांनी त्यानंतर किल्ल्यासकट गाव जवळजवळ जमीनदोस्त केलं. १७६५ नंतर ते पुन्हा बांधलं गेलं. म्हणजे आपण ज्या घरांसमोर उभे राहतो ती त्यानंतरची आहेत, आणि ती उभारली तमिळ गवंड्यांनी, इथल्याच विटा आणि चुन्यात.

विध्वंसातून वाचलेल्या मोजक्या वास्तूंपैकी एक पश्चिमेला, बाजाराजवळ आहे. आनंद रंग पिल्लै यांचा वाडा, साधारण १७३८ सालचा. पिल्लै हे डुप्लेचे दुभाषी आणि कंपनीचे मुख्य दलाल. १७३६ पासून मरेपर्यंत त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. जहाज कधी लागलं, कुठल्या मालाला काय भाव आला, गव्हर्नर कुणावर चिडला, कुणाच्या घरी लग्न, कुणाचं दिवाळं, सगळं त्यात आहे. अठराव्या शतकातल्या दक्षिण भारताचा बाजार आणि दरबार एका भारतीय माणसाच्या नजरेने पाहायला मिळतो, ही दुर्मीळ गोष्ट आहे. गाव पडण्याच्या अगदी तोंडावर, १२ जानेवारी १७६१ ला ते गेले. वाड्याचा खालचा मजला लाकडी खांबांचा, तमिळ धाटणीचा, आणि वरचा फ्रेंच खांबांचा. आत जाण्यासाठी आधी विचारून परवानगी घ्यावी लागते. बाहेरून पाहिला तरी बराच बोध होतो.

तिथून वैश्याळ स्ट्रीटला चालत जा. घरापुढे रस्त्यालगत खांबांवरचा पडवीसारखा भाग आणि त्याच्या आत बसायचा ओटा, अशी घरांची सलग रांग आहे. वाटसरूला ऊन-पावसात थांबता यावं म्हणून घरमालक स्वतःच्या जागेतून ती सावली देत. या गल्लीच्या जीर्णोद्धाराला २००८ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. शेजारच्या गल्ल्यांत मात्र अशी घरं पाडून काँक्रीटचे ठोकळे उभे राहताहेत, ते बघून फार वाईट वाटतं. पर्यटक पूर्वेला पैसे खर्च करतात म्हणून पूर्वेकडची घरं हॉटेलं होऊन तरी टिकतात. पश्चिमेच्या घरमालकाने वाडा कशासाठी राखावा? आपण तिकडे फिरलो, राहिलो, जेवलो तर काही फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

आता प्रश्न विचारा. माहितगारांनीही भर घालावी.

कासवचाल

ताई, फार वेळेवर धागा काढलात. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणतोय. सोबत सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात) आणि सहा वर्षांचा मुलगा. मुलाला समुद्रात खेळायचंय, सासूबाईंना आश्रम आणि देवळं पाहायची आहेत. जमेल का?

दर्याकाठ

कासवचाल, शक्य असेल तर दिवाळी टाळा. आपल्याकडे दिवाळीला पाऊस संपलेला असतो, तिथे तेव्हा खरा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. चक्रीवादळंही याच दिवसांत येतात. २०११ मध्ये ३० डिसेंबरला 'ठाणे' वादळाने गाव झोडपलं होतं, २०२४ च्या नोव्हेंबरअखेर 'फेंगल' पाँडिचेरीजवळच जमिनीवर आलं आणि वस्त्यांत पाणी भरलं. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी उत्तम. शनिवार-रविवार सोडून जा, चेन्नई आणि बेंगळुरूची सगळी गर्दी त्याच दोन दिवसांत उतरते.

सासूबाईंना संध्याकाळचा समुद्ररस्ता नक्की आवडेल. सहा वाजल्यापासून सकाळी साडेसातपर्यंत तिथे वाहनं बंद असतात, रस्ता सपाट आहे, बसायला कठडे आहेत. पहाटे तर जाच. आपल्याला समुद्रात बुडणारा सूर्य ठाऊक, इथे तो समुद्रातून वर येतो. मनकुळ विनायगर हे गणपतीचं देऊळ तिथून चालत जाण्यासारखं आहे, फ्रेंच येण्याच्या आधीपासूनचं. दारात आशीर्वाद देणारी लक्ष्मी हत्तीण २०२२ मध्ये गेली, तिच्यासाठी गाव अक्षरशः रडलं होतं. श्री अरविंदांचा आश्रम त्याच परिसरात आहे. त्यांच्या समाधीपाशी पूर्ण शांतता पाळायची असते, लहान मुलांच्या प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्या.

मुलाच्या खेळण्याचं म्हणाल तर शहरासमोरचा किनारा दगडांचा आहे. तिथे पाण्यात उतरायचं नाही. वाळू हवी तर दक्षिणेला चुन्नांबारच्या बोट हाऊसवरून होडीने पॅराडाइज बीचवर जातात. होडीचा प्रवास मुलांना आवडतो. परतीची शेवटची होडी किती वाजता, ते उतरतानाच विचारा.

उनाडपाऊल

धागा छान आहे, पण एक वेगळं मत मांडतो. सगळ्यांनाच इतिहास हवा असतो असं नाही. आठवडाभर राबून माणूस दोन दिवस समुद्राकाठी पडून राहायला येतो, कॉफी पितो, रात्री गाणी ऐकतो, यात काही उणं नाही. गाव त्यावर जगतं. सेरेनिटी बीचवर लाटांवर फळी घेऊन उतरायला शिकवणारे चांगले लोक आहेत, स्थानिक कोळ्यांची मुलं त्यात तरबेज झाली आहेत. मी तिथेच शिकलो. माझ्यासाठी पाँडिचेरी म्हणजे ती सकाळ.

दर्याकाठ

उनाडपाऊल, तुमच्याशी भांडण नाहीच. पडून राहावं, जरूर राहावं. आणि कोळ्यांच्या मुलांचं जे सांगितलंत ते मोलाचं आहे. माझं म्हणणं इतकंच की संध्याकाळी दोन तास पश्चिमेकडे चालत जायला काही लागत नाही.

तुम्ही पाण्यातले आहात तर समुद्राच्या धोक्याबद्दल सविस्तर लिहाल का? दरवर्षी तिथे तरुण मुलं बुडतात.

उनाडपाऊल

लिहितो. हा किनारा अरबी समुद्रासारखा उताराने हळूहळू खोल होत नाही. चार पावलांत कमरेचं पाणी गळ्यापर्यंत येतं. लाट किनाऱ्यालगतच फुटते, आणि परत जाणारं पाणी जिथे एकवटतं तिथे आत ओढणारा प्रवाह तयार होतो. दगडी बांधांच्या बाजूला तर हमखास. लाटांच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये शांत, गढूळ पाण्याची पट्टी दिसली की लोकांना वाटतं ही सुरक्षित जागा. ओढ नेमकी तिथेच असते. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. दारू पिऊन पाण्यात उतरू नका. तिथे दारू स्वस्त आहे आणि बाहेरून आलेली बरीच मुलं त्यातच जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लाल बावटा असेल तर पाऊलसुद्धा टाकू नका. पोहता न येणाऱ्यांसाठी चिन्न वीरांपट्टिनमचा ईडन बीच बरा, २०२१ मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला, जीवरक्षक असतात.

वाळूचा कण

वर दगडी किनाऱ्याचा उल्लेख आला म्हणून लिहिते. किनारी अभियांत्रिकी हा माझा विषय आहे आणि पाँडिचेरी हे त्यातलं शिकण्यासारखं उदाहरण.

साठी-सत्तरीतले पाँडिचेरीकर सांगतात की त्यांच्या लहानपणी गावासमोर रुंद वाळू होती. ती गेली कशी? पूर्व किनाऱ्यावर लाटा तिरप्या येतात आणि वाळूला किनाऱ्याला समांतर ढकलत नेतात. मार्च ते ऑक्टोबर ही वाळू दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, ईशान्य मोसमी वाऱ्यांत काही उलटी येते. वर्षाचा हिशेब केला तर जमा उत्तरेकडे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात गावाच्या दक्षिणेला, अरियांकुप्पम नदीच्या मुखाशी, बंदरासाठी समुद्रात दगडी बंधारे घातले. दक्षिणेकडून येणारी वाळू तिथे अडली. बंधाऱ्याच्या दक्षिणेला किनारा रुंदावला, उत्तरेला, म्हणजे नेमका गावासमोर, नवी वाळू यायची थांबली आणि असलेली लाटा घेऊन गेल्या. अडलेली वाळू उपसून उत्तरेला टाकत राहायचं असं मूळ योजनेत होतं, पण ते काम सातत्याने झालं नाही. मग गाव वाचवायला दगड टाकले. तो आजचा रॉक बीच.

पुढे उत्तरेच्या कोळीवाड्यांनी आपली घरं वाचवायला दगड मागितले, त्यांच्यापुढच्या गावांची वाळू गेली, त्यांनीही दगड मागितले. असं करत ते दुखणं तमिळनाडूच्या हद्दीत कोट्टाकुप्पम, बोम्मयारपाळयमपर्यंत पोचलं. ज्यांच्या होड्या वाळूवर ओढायच्या त्यांच्या होड्यांना जागा उरली नाही. पर्यटकांच्या लेखात हे कधी येत नाही, याची मला खंत वाटते.

चांगली बातमीही आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये सचिवालयासमोर पाण्याखाली पोलादी पाचरीच्या आकाराचा कृत्रिम खडक बसवला. लाटेचा जोर तो आधीच मोडतो, आत आलेली वाळू साठू देतो. बंदरातली उपसलेली वाळूही तिथे टाकली. आणि काही काळातच गांधी पुतळ्याच्या उत्तरेला वाळूचा पट्टा परत आला. पहिल्यांदा ती वाळू पाहिली तेव्हा मला भरून आलं होतं. तिथे मुलं खेळताना दिसली की लक्षात असू द्या, ती वाळू माणसांनी विचार करून परत आणली आहे. तरी तिथे पोहायचं नाही, उनाडपाऊल म्हणतात ते तिथेही लागू आहे.

शिलेदार

गांधी पुतळ्याचा विषय निघालाच आहे तर मराठी माणसाने तिथे थांबून काय पाहावं ते सांगतो. पुतळ्याभोवती उंच कोरीव दगडी खांब आहेत. ते जिंजीच्या किल्ल्यातले! तिथल्या व्यंकटरमण मंदिरातले. १७५० मध्ये फ्रेंचांनी जिंजी घेतली, त्यानंतर हे खांब पाँडिचेरीला आणले. आधी त्या जागी डुप्लेचा पुतळा होता, तो आता समुद्ररस्त्याच्या दक्षिण टोकाला आहे.

जिंजी म्हणजे आपली दक्षिणेकडची राजधानी. दक्षिण दिग्विजयात, १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी ती घेतली आणि त्याच मोहिमेत शेरखान लोदीचा पराभव केला. ज्याने फ्रेंचांना जागा दिली तोच संपला, तेव्हा मार्तांने तातडीने महाराजांकडे वकील पाठवला आणि तटस्थ राहण्याच्या अटीवर पाँडिचेरीत राहायची मुभा मिळवली. पाँडिचेरीतली फ्रेंच वखार त्या दिवसांत टिकली ती मराठ्यांच्या परवानगीने, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? पुढे १६८९ पासून छत्रपती राजाराम महाराज जिंजीत होते आणि मोगलांचा वेढा १६९८ पर्यंत चालला. १६९३ मध्ये डचांनी पाँडिचेरी घेतली तेव्हा त्या मुलखाचा धनी जिंजीचा दरबार होता, डचांनी व्यवहार त्याच्याशी केला.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात महाराष्ट्राबाहेरचा एकच आहे, जिंजी. पाँडिचेरीपर्यंत जाऊन जिंजी न पाहता परत येऊ नये, ही माझी कळकळीची विनंती.

संत्रीबाग

शिलेदार, आमच्या नागपूरकरांना विसरू नका. १७४० मध्ये रघूजी भोसले कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या अर्काटच्या नवाबाच्या मुलखात, उतरले, दामलचेरीच्या लढाईत अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. त्याच्या आणि त्याचा जावई चंदासाहेब याच्या घरच्या मंडळींनी जडजवाहिरासकट पाँडिचेरीत आसरा घेतला. गव्हर्नर तेव्हा द्युमा होता. रघूजींनी खंडणी मागितली आणि त्या मंडळींना स्वाधीन करा म्हटलं. द्युमाने दोन्हींना नकार दिला, तटबंदी सज्ज केली, आणि पत्रातून उत्तरं देत राहिला. १७४१ मध्ये रघूजींनी त्रिचनापल्ली घेतली, चंदासाहेबाला पकडून साताऱ्याला पाठवलं, पण पाँडिचेरीवर प्रत्यक्ष हल्ला केला नाही. द्युमाने पाठवलेल्या फ्रेंच मद्याच्या बाटल्या रघूजींच्या गोटात पसंत पडल्या आणि प्रकरण निवळलं, अशी कथा इतिहासाच्या पुस्तकांत रंगवून सांगतात. कारणं आणखीही असणारच. पण या प्रसंगाने फ्रेंचांचा दक्षिणेत दबदबा वाढला आणि त्याचा फायदा पुढे डुप्लेने उठवला.

आणि कारैकाल, पाँडिचेरीच्या दक्षिणेचं फ्रेंचांचं दुसरं ठाणं? ते तंजावरच्या मराठा राजांकडून मिळालं, १७३९ मध्ये. म्हणजे फ्रेंचांच्या नकाशावर आपल्या माणसांचे ठसे बरेच आहेत.

नीलगोधडी

दर्याकाठ, तुम्ही कापडाचं नाव काढलंत आणि मला राहवेना. मी नैसर्गिक रंगाईचं काम करते, पाँडिचेरीची ओढ मला त्यामुळेच.

फ्रेंचांना इथून हवं होतं ते मुख्यतः सुती कापड, आणि त्यातही निळीत बुडवलेलं गडद निळं कापड. फ्रेंच त्याला 'गिने' म्हणत, कारण ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायचं. सेनेगल नदीच्या काठी ते जणू चलन होतं. अठराव्या शतकात त्याच्या बदल्यात माणसं, गुलाम म्हणून, विकत घेतली जात. पुढे बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक घेतला जाई, जो फ्रान्समध्ये छापील कापडाला लागे. पाँडिचेरीच्या आसपासच्या खेड्यांत एखादी बाई सूत काततेय, आणि तेच सूत समुद्र ओलांडून कुणाच्या तरी आयुष्याची किंमत ठरतंय. या गावातून फिरताना हे मला सारखं आठवतं आणि मन जड होतं.

एकोणिसाव्या शतकात गिरण्या आल्या, पहिली १८२०च्या दशकाअखेर, सर्वांत मोठी १८९८ मध्ये. हीच पुढे ए.एफ.टी. (अँग्लो-फ्रेंच टेक्सटाइल्स) म्हणून ओळखली गेली. ३० जुलै १९३६ ला संपकरी कामगारांवर गोळीबार झाला, बारा कामगार मेले. त्या लढ्यातून फ्रेंच वसाहतीत आठ तासांचा कामाचा दिवस मिळाला. व्ही. सुब्बय्या हे त्यांचे नेते. आमच्या घरी आजोबा परळच्या गिरणीत होते, त्यामुळे ए.एफ.टी.च्या बंद फाटकासमोर उभं राहिल्यावर काय वाटलं ते सांगता येणार नाही. २०२० मध्ये ती कायमची बंद झाली. रेल्वे स्टेशनपासून दूर नाही. तिथेही जा. स्टेशनजवळच १९०७ सालचं सेक्रेड हार्ट चर्च आहे, रंगीत काचा सकाळच्या उन्हात पाहाव्यात.

ओसरीवर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून वाचनखूण साठवली. कुणी खाण्याबद्दल लिहा ना! आणि ऑरोविल एका दिवसात होतं का?

दर्याकाठ

खाण्याबद्दल मला खूप लिहायचं आहे. क्रॉसाँ आणि लांब पाव मिळतातच, सकाळी ताजे घ्या. पण पाँडिचेरीची खास चव वेगळी आहे. १८८१ च्या एका फ्रेंच हुकमाने इथल्या लोकांना आपला पारंपरिक व्यक्तिगत कायदा सोडून फ्रेंच नागरी हक्क घेता येऊ लागले. असे अनेकजण नोकरीसाठी, सैन्यात, सायगावला म्हणजे आजच्या व्हिएतनामला गेले. परतताना तिकडचं जेवण घेऊन आले, काहींनी तिकडच्या बायकाही केल्या. त्यामुळे काही पाँडिचेरीकर घरांत सणाला व्हिएतनामी पद्धतीचे तळलेले रोल होतात. क्रिओल, म्हणजे फ्रेंच-तमिळ मिश्र, घरगुती स्वयंपाकात फ्रेंच पद्धतीचे रस्से येतात, पण मसाला, नारळ आणि कढीपत्ता आपला असतो. घरगुती जेवण देणारी कुटुंबं आहेत, आधी सांगून जावं लागतं. रोजचं शाकाहारी जेवण पश्चिमेला, केळीच्या पानावर. मिशन स्ट्रीटच्या आसपास चांगल्या खाणावळी आहेत. रविवारी गांधी स्ट्रीटवर मोठा बाजार भरतो.

ऑरोविल, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून वसवलेली वसाहत, गावापासून दहा-बारा किलोमीटर. २८ फेब्रुवारी १९६८ ला स्थापना, तेव्हा १२४ देशांची माती एका कलशात घातली. तिथलं मातृमंदिर, म्हणजे ध्यानाची सोनेरी गोलाकार वास्तू, दुरून पाहण्यासाठी साधा पास पुरतो, थोडं चालावं लागतं, परतीला वृद्धांसाठी गाडी असते. आत ध्यानाला बसायचं तर आगाऊ नोंदणी लागते, ऐनवेळी होत नाही. फोटोसाठी जाऊन लोक निराश होतात. ओसाड लाल मातीवर तिथल्या लोकांनी जंगल उभं केलं, ते पाहायला सकाळी लवकर जा.

शिलेदार

एक राहिलं. ब्रिटिश हद्दीबाहेर असल्यामुळे पाँडिचेरी क्रांतिकारकांचं आश्रयस्थान होती. सुब्रह्मण्य भारती १९०८ ते १९१८ इथे राहिले, त्यांचं घर आता संग्रहालय आहे. अरविंद घोष ४ एप्रिल १९१० ला आले. त्याच वर्षी व्ही. व्ही. एस. अय्यर आले, लंडनच्या इंडिया हाउसमधले सावरकरांचे निकटचे सहकारी. सावरकर पकडले गेले आणि अय्यर निसटून इथे पोचले. ब्रिटिशांचे हेर गल्लीगल्लीत असायचे. समुद्राजवळच्या ज्या शांत रस्त्यांवर आज आपण फोटो काढतो तिथे ही माणसं पाळत चुकवत फिरत होती. आणि हे गाव स्वतंत्र भारतात आलं ते १ नोव्हेंबर १९५४ ला. त्याआधी १८ ऑक्टोबरला कीळूरला प्रतिनिधींचं मतदान झालं, १७८ पैकी १७० भारताच्या बाजूने. कायदेशीर हस्तांतरण तर १६ ऑगस्ट १९६२ ला.

नीलगोधडी

अरिकमेडू कुणी लिहिलं नाही? गावाच्या दक्षिणेला, अरियांकुप्पम नदीकाठी. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलरने तिथे उत्खनन केलं आणि रोमन मद्याचे कुंभ, इटलीतली लाल भांडी, मणी बनवण्याचे अवशेष सापडले. म्हणजे फ्रेंच येण्याच्या सोळाशे वर्षं आधीही इथून समुद्रपार व्यापार होता. जागेवर आता झाडं आणि जुन्या विटांच्या भिंतींखेरीज फार काही नाही, पण आधी राज निवासाजवळच्या संग्रहालयात ते मणी पाहून मग तिथे गेलात तर जागा बोलू लागते.

दर्याकाठ

बरं झालं आठवण केलीत. त्या मणींसमोरून मी नवख्या पाहुण्यांना हलवूच शकत नाही.

कासवचाल

ताई, सगळ्यांचे आभार. घरी चर्चा झाली, दिवाळी रद्द, फेब्रुवारी ठरला. सासूबाईंनी जिंजीचं ऐकल्यावर त्यांना तेच आधी पाहायचंय! गुडघ्यांचं काय करू? आणि मुंबईहून सोयीची गाडी कोणती?

शिलेदार

गुडघे दुखत असतील तर जिंजीच्या राजगिरी टेकडीच्या माथ्यावर नेऊ नका, चढ खडा आहे आणि दगड तापतात. पायथ्याशीच कल्याण महाल, धान्याची कोठारं, आणि व्यंकटरमण मंदिर, जिथून ते खांब नेले, एवढं निवांत पाहता येतं. तुम्ही आणि मुलगा माथा करून या, तोवर त्या कल्याण महालाच्या सावलीत बसतील. सकाळी आठच्या आत पोचा, पाणी आणि टोपी न्या, माकडांपासून पिशव्या सांभाळा. पाँडिचेरीहून टिंडिवनममार्गे साधारण सत्तर किलोमीटर, बस मिळते, पण सासूबाई सोबत आहेत तर गाडी ठरवून घ्या.

दर्याकाठ

दादरहून पाँडिचेरीला थेट रेल्वे आहे, पुणे, मिरज, हुबळी, बेंगळुरूमार्गे. रोज नसते, तेव्हा वार बघून तिकीट काढा. नाहीतर चेन्नईपर्यंत विमान आणि पुढे पूर्व किनारी रस्त्याने दीडशे किलोमीटर. वाटेत महाबलीपुरम लागतं, तिथे जेवायला थांबा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मासी मगमचा दिवस असतो. पंचक्रोशीतल्या देवळांच्या उत्सवमूर्ती वैतिकुप्पमच्या किनाऱ्यावर स्नानाला आणतात, कोळीवाडा सगळा रस्त्यावर असतो. तारीख पंचांगात बघा. तुमच्या सुट्टीत बसत असेल तर सासूबाईंना घेऊन पहाटेच जा, उशीर झाला तर गाडी आत सोडत नाहीत.